काकड भैरव आणि आपली सहल

परवा मधल्या सुटीत एका विद्यार्थ्याने आम्हां शिक्षकांना विचारले, "पाडल्याची बातमी जगभर वाचली गेली, मग आपली सहल दरवर्षी मांडूलाच का?" आम्ही निरुत्तर झालो.

बाग-कुक्षी परिसरात डायनासोरची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचा दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांचा लेख जानेवारी २०२३ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आला. इंटरनेटवर तो कोणालाही विनामूल्य वाचता येतो. त्याच वर्षी डिसेंबरात कळले, की पाडल्याचे शेतकरी ज्या गोल दगडांना 'काकड भैरव', म्हणजे शेताचे राखणदार, म्हणून पूजत होते, ती अशीच कोट्यवधी वर्षांपूर्वीची अंडी आहेत.

ही बातमी मोबाइलवर पुढे पाठवताना काहींनी त्या शेतकऱ्यांची थट्टा केली. आम्हांला ती पटत नाही. देव मानलेला दगड कोणी फोडत नाही, विकत नाही. शास्त्राला ओळख पटण्याआधी राखण झाली ती या श्रद्धेमुळेच. खरा धोका आहे तो 'आठवण' म्हणून दगड उचलून आणणाऱ्या आपल्यासारख्या शिकलेल्यांचा.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, तिथला दगड तिथेच राहू द्या; वहीत चित्र काढा, गावकऱ्यांना नम्रपणे विचारा. पालकांनी मुलांसोबत तो लेख उघडून पाहावा. आणि विश्वस्त मंडळाला विनंती, की यंदाच्या हिवाळ्यात एक बस कुक्षीच्या वाटेने जाऊ द्यावी. घराजवळचे आश्चर्य पडद्यावरच पाहून कसे चालेल?