जुळी बाळे आणि आईचा शब्द

पेडण्याच्या माझ्या वहिनीच्या पोटात जुळे असल्याचे कळले आणि घरात दोन पक्ष पडले. आजी म्हणाली, "आमच्या काळी सुईणीच्या हातून जुळी सुखरूप झाली." काका म्हणाले, "जोखीम नको, सिझेरियनच करा." वहिनीला मात्र कोणी विचारलेच नाही!

२०१३ साली २५ देशांतील सुमारे २,८०० गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिले मूल डोक्याकडून असेल, तर आधीच ठरवून केलेल्या सिझेरियनने बाळांचा धोका कमी होत नाही, असे त्यात दिसले. मात्र नैसर्गिक प्रसूती योजलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींना अखेर शस्त्रक्रिया करावी लागली. पहिले जन्मल्यावर दुसरे आडवे फिरू शकते. म्हणून शस्त्रक्रियेची सोय त्याच इस्पितळात हवी. ऐन वेळी पेडणे-डिचोलीहून बांबोळी गाठणे नव्हे. पहिलेच आडवे वा पायाळू असेल, तर सिझेरियनच बरे.

निर्णय आजीच्या आठवणींवर होऊ नये, तसा काकांच्या भीतीवरही होऊ नये. डॉक्टरांनी दोन्ही बाजू समजावून सांगाव्यात आणि आईने ठरवावे. कळा तिच्या, व्रणही तिचाच. मग शब्द तिचा का नसावा?