ग्वांगजूचे ऋण : सेऊलमधील सहा तासांचा इतिहास

१/ ३ डिसेंबर २०२४. रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल दूरचित्रवाणीवर आले आणि त्यांनी देशात लष्करी कायदा पुकारला. पहाटे साडेचारच्या सुमारास तो मागे घेतला गेला. प्रकरण जेमतेम सहा तासांचे. त्याची मुळे मात्र ४४ वर्षे खोल आहेत. त्या मुळांविषयी हा धागा.

२/ यानंतरच्या निदर्शनांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली असतील : कडाक्याची थंडी, लाखोंची गर्दी आणि हातांत के-पॉप चाहत्यांच्या रंगीत लाइटस्टिक. त्यातून ‘के-पॉपने लोकशाही वाचवली’ हे सोयीचे वाक्य जन्मले. चित्र खरे आहे, निष्कर्ष घाईचा आहे. लाइटस्टिकचा तो सागर उसळला तो नंतर. निर्णय त्याआधी, त्याच रात्री, संसदेच्या फाटकाशी झाला होता.

३/ ऑक्टोबर १९७९. अठरा वर्षे सत्ता उपभोगलेले पार्क चुंग-ही आपल्याच गुप्तचर प्रमुखाच्या गोळीला बळी पडले. लोकशाहीची चाहूल लागली; तिला ‘सेऊलचा वसंत’ म्हटले गेले. पण १२ डिसेंबरला जनरल चुन दू-ह्वान याने लष्करावर कब्जा मिळवला आणि १७ मे १९८० रोजी लष्करी कायदा देशभर लागू केला.

४/ दुसऱ्याच दिवशी नैऋत्येकडील ग्वांगजू शहरातील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांच्यावर पॅराट्रूपर सोडण्यात आले. मारहाण, संगिनी, पुढे गोळीबार. नागरिकांनी शस्त्रे हाती घेऊन सैन्याला शहराबाहेर ढकलले आणि काही दिवस शहराचा कारभार स्वतः चालवला. २७ मेच्या पहाटे रणगाडे परतले. अधिकृत आकड्यांनुसारही मृत नागरिकांची संख्या दीडशेच्या वर जाते. खरी संख्या त्याहून मोठी असल्याचे अनेकांचे मत आहे.

५/ आता एक तपशील, जो सहसा कोणी सांगत नाही. संसदेने बहुमताने मागणी केल्यास राष्ट्राध्यक्षाने लष्करी कायदा उठवलाच पाहिजे, ही तरतूद १९८० मध्येही राज्यघटनेत होती. २० मे रोजी त्यासाठी अधिवेशन भरायचे होते. सैनिकांनी संसदेची वाटच अडवली. अधिवेशन भरले नाही, ठराव झाला नाही. कलम कागदावर शाबूत राहिले आणि ग्वांगजूत माणसे मरत राहिली.

६/ २०२४ मध्येही तेच घडायचे होते. सेनापतीच्या पहिल्या फर्मानाने सर्व राजकीय हालचालींवर बंदी घातली, वृत्तमाध्यमे नियंत्रणाखाली आणली. विशेष दलाचे सैनिक हेलिकॉप्टरने संसदेच्या आवारात उतरले. परंतु या वेळी नागरिक फाटकाशी पोहोचले होते. खासदार कुंपणावरून उड्या मारून आत शिरत होते. ६७ वर्षांचे सभापती वू वोन-शिक त्यांपैकीच एक. कर्मचाऱ्यांनी टेबल-खुर्च्या रचून दारे रोखून धरली.

७/ रात्री एकच्या सुमारास मतदान झाले. ३०० पैकी १९० सदस्य उपस्थित होते आणि १९० च्या १९० मते लष्करी कायदा उठवण्याच्या बाजूने पडली. त्यांत राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचेही काही सदस्य होते. म्हणजे १९८० आणि २०२४ यांतील भेद कलमाच्या शब्दांत नव्हता. फाटक बंद होण्याआधी तेथे पोहोचले पाहिजे, हे यावेळी लोकांना ठाऊक होते. हे ज्ञान आले कोठून?

८/ पहिला स्रोत न्यायालय. १९८७ च्या जनआंदोलनाने थेट निवडणूक आणि घटनात्मक न्यायालय मिळवून दिले, तरी चुन मोकळाच होता. ‘यशस्वी झालेल्या उठावाला शिक्षा करता येत नाही’ अशी भूमिका सरकारी वकिलांनी १९९५ मध्ये घेतली. जनक्षोभ उसळला, विशेष कायदा झाला. १९९६ मध्ये चुनला फाशीची शिक्षा सुनावली गेली. अपिलात ती जन्मठेपेवर आली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

९/ त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला माफी मिळाली. २०२१ मध्ये तो मेला, तो ग्वांगजूची क्षमा न मागताच. राष्ट्रीय सलोख्याच्या नावाने दिलेली ती माफी ही कोरियन लोकशाहीची मोठी चूक होती. सत्ता बळकावण्याची किंमत फार तर दोन वर्षांचा तुरुंगवास, हा संदेश त्यातून गेला. तरीही निकालाची नोंद राहिली : उठाव यशस्वी झाला तरी तो गुन्हाच असतो.

१०/ दुसरा स्रोत लोकप्रिय संस्कृती. पण ती लाइटस्टिकच्या कितीतरी आधीची. जर्मन पत्रकार हिंझपीटर याला ग्वांगजूत नेणाऱ्या टॅक्सीचालकावरील २०१७ चा चित्रपट सव्वा कोटीच्या आसपास प्रेक्षकांनी पाहिला. १२ डिसेंबरच्या उठावावरील ‘सेऊलचा वसंत’ २०२३ च्या नोव्हेंबरात आला आणि एक कोटी तीस लाखांचा टप्पा ओलांडून गेला. देशाची लोकसंख्या सव्वापाच कोटींहून कमी. संतापाने वाढलेले हृदयाचे ठोके स्मार्टवॉचवर मोजून ते समाजमाध्यमांवर टाकण्याची टूमच तरुण प्रेक्षकांत निघाली. वर्षभरातच लष्करी कायदा प्रत्यक्ष अवतरला.

११/ ग्वांगजूत जन्मलेल्या हान कांग यांनी २०१४ च्या कादंबरीत त्या मृतांना वाणी दिली. पुढे पार्क गुन-हे सरकारच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते, हे उघड झाले. ७ डिसेंबर २०२४ रोजी त्या स्टॉकहोममध्ये नोबेल व्याख्यानात ग्वांगजूविषयी बोलल्या. त्याच दिवशी सेऊलमध्ये यून यांच्यावरील पहिला महाभियोग गणसंख्येअभावी बारगळला. आठवड्याने, १४ डिसेंबरला, तो २०४ मतांनी संमत झाला.

१२/ मग लाइटस्टिकचे श्रेय कोणते? फाटकाशी मिळालेला अवकाश टिकवण्याचे. त्या गर्दीत विशीतल्या तरुणींचा वाटा डोळ्यांत भरणारा होता. गर्ल्स जनरेशनचे २००७ चे गाणे २०१६ मध्ये एव्हा महिला विद्यापीठातील विद्यार्थिनींनी पोलिसांसमोर गायले होते; तेच पुन्हा चौकाचौकांत घुमले. ४ एप्रिल २०२५ रोजी घटनात्मक न्यायालयाने एकमताने यून यांना पदच्युत केले.

१३/ येथेच थांबलो, तर ती परीकथा होईल. २०२२ मध्ये यून ०.७३ टक्के गुणांच्या फरकाने निवडून आले, तेही महिला-कुटुंब मंत्रालय बंद करण्याचे आश्वासन देऊन. मतदानोत्तर चाचण्यांनुसार विशीतल्या बहुसंख्य पुरुषांची मते त्यांना होती, तर त्याच वयाच्या बहुसंख्य स्त्रियांची विरोधकाला. १९ जानेवारी २०२५ रोजी त्यांच्या समर्थकांनी सेऊलमधील न्यायालयात घुसून तोडफोड केली. त्यांतही तरुण बरेच होते. एकाच पिढीने लोकशाही राखली आणि तिच्यावर दगडही मारले.

१४/ म्हणून ‘तरुणाईने वाचवले’ हे वाक्य इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. स्मृती रक्तातून आपोआप वाहत नाही. ती निकालपत्रांत, पाठ्यपुस्तकांत, कादंबऱ्यांत, तिकीटबारीवर पुन्हा पुन्हा कमवावी लागते, आणि प्रत्येक पिढीत ती नाकारणारेही निपजतात. ग्वांगजूत घुसखोर उत्तर कोरियाचेच होते, असे सांगणारे आजही तेथे आहेत.

१५/ कोरियन मालिका आणि गाणी आपल्याकडील तरुणांना तोंडपाठ असतात. त्या झगमगाटामागे एका शहराचे दहा दिवस उभे आहेत, हेही ठाऊक असावे. २०२४ च्या त्या रात्री सेऊल वाचले, याचे पहिले कारण १९८० मध्ये ग्वांगजू वाचले नाही, आणि हे तेथे कोणीतरी विसरू दिले नाही.

धागा समाप्त.