बागेच्या कारभारात वाटा

प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. जिमची फी न परवडणाऱ्यांसाठी हा सल्ला जवळच्या बागेवरच अवलंबून असतो. तिथले दिवे बंद असले, स्वच्छतागृहाला कुलूप असले, की महिला आणि ज्येष्ठांचे येणे आधी थांबते. या अडचणी रोज येणाऱ्यांनाच नेमक्या ठाऊक असतात.

पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामे सुचवता येतात. सुरुवात चांगली आहे. पण सूचना दिली की नागरिकाची भूमिका संपते. इटलीतील बोलोन्या शहराने २०१४ मध्ये नियमावली करून पुढचे पाऊल टाकले. तिथे बाग किंवा चौक सांभाळण्यासाठी नागरिक आणि पालिका लेखी करार करतात. कोणी काय करायचे, हे त्यात ठरते.

आपल्याकडेही असे करार हवेत. मात्र श्रमदानाच्या नावाखाली पालिकेने अंग काढून घेऊ नये आणि देखभाल करणाऱ्यांनी इतरांना बागेचे दार बंद करू नये. बाग किती वाजता उघडायची, निधी कशावर खर्चायचा, या निर्णयांतही वाटा मिळाला, तरच नागरिक ती मनापासून जपतील.