नंदीबैलांची मंडळे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण वहीलाही हळदकुंकू वाहतो. तिच्यात खोटा आकडा पडू नये, एवढाच त्या पूजेचा अर्थ. पण ज्या कंपन्यांत आपल्या घरची पुंजी गुंतलेली असते, तेथील वह्या पाहण्यासाठी आणि कारभाऱ्याला जाब विचारण्यासाठी बसवलेले संचालक काय करतात? गुबूगुबू वाजले की मान हलवतात!

हैदराबादच्या 'सत्यम'चे उदाहरण घ्या. डिसेंबर २००८ मध्ये संस्थापकांच्याच कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घेण्याचा प्रस्ताव आला. मंडळात नामांकित प्राध्यापक होते, निवृत्त सनदी अधिकारी होते. मंडळाने त्याला संमती दिली! गुंतवणूकदारांनी ओरड केली तेव्हा काही तासांत तो मागे घ्यावा लागला. पुढे ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्राने कबूल केले, की ताळेबंदातील पाच हजार कोटींहून अधिक रुपये अस्तित्वातच नाहीत. ज्याला जाब विचारायचा, त्यानेच येऊन जबाब दिला. विचारणारे झोपलेलेच होते.

आता दुसरे टोक पाहा. २४ ऑक्टोबर २०१६. दिवाळी तोंडावर आलेली. मुंबईत 'टाटा सन्स'च्या मंडळाने अध्यक्ष सायरस मिस्त्री यांना दूर केले. छापील विषयपत्रिकेवर तो विषयच नव्हता, आणि त्या दिवशीच्या पत्रकात कारणही नव्हते. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही कृती कायदेशीर ठरवली. तो निकाल शिरसावंद्य. परंतु कायदेशीर असणे निराळे आणि उघड असणे निराळे. या कंपनीचे समभाग बाजारात मिळत नसले, तरी तिच्या छत्राखालील कंपन्यांत लाखो कुटुंबांचा पैसा होता. त्यांना कारण कळायला नको काय?

कोणी म्हणेल, मंडळाला प्रमुख बदलण्याचा अधिकारच नसावा काय? अवश्य असावा! नव्हे, तेच त्याचे पहिले कर्तव्य. पण बदल कामावरून व्हावा, मर्जीवरून नव्हे. चांगल्या पावसाचे श्रेय पाटलाला देऊ नये, तसा दुष्काळाचा दोषही देऊ नये. साऱ्या धंद्यालाच मंदी आली की एकच कंपनी बुडाली, हे आधी तपासावे आणि निर्णयाची कारणे त्याच दिवशी लिहून जाहीर करावीत. हे नंदीबैलाकडून होणे नाही. कासरा कोणाच्या हातात आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते.

म्हणून कासऱ्याचे एक टोक आपल्याही हाती हवे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील १५१ व्या कलमाने बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या लहान भागधारकांना आपला एक संचालक निवडून पाठवण्याची वाट ठेवली आहे. वीस हजार रुपयांपर्यंत दर्शनी किमतीचे समभाग असलेला तो लहान भागधारक. म्हणजे तुम्ही आणि मी! किती घरांना हे ठाऊक आहे? वार्षिक सभेची सूचना आली की आपण ती न वाचताच बाजूला सारतो. मग मान हलवणारे फक्त मंडळातच बसतात, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

यंदा वहीपूजन झाल्यावर ती सूचना शोधून काढा, आणि वाचा.