जमीन सरकारने घेतली. दाद कुठे मागायची?

भूसंपादनाची नोटीस आली की बहुतेक कुटुंबे एकच गोष्ट करतात. ओळखीचा वकील गाठतात, जवळच्या दिवाणी न्यायालयात दावा लावतात आणि मनाई हुकूम मागतात. काही वर्षे तारखा पडतात, फी जाते आणि शेवटी न्यायालय सांगते की, हा दावा चालवण्याचा अधिकारच आम्हाला नाही. तोवर योग्य ठिकाणी जाण्याची मुदत टळून गेलेली असते.

सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधील एका खटल्यात १९९५ सालीच स्पष्ट केले होते की, संपादनाची अधिसूचना वैध की अवैध हे दिवाणी न्यायालय ठरवू शकत नाही. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने तर या न्यायालयांचे दार कलम ६३ अन्वये उघडपणे बंद केले. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे अधिकार मात्र कायम ठेवले.

म्हणून आधी आपली तक्रार काय आहे हे ठरवावे. संपादनच बेकायदा वाटत असेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. संपादन मान्य आहे, पण मोबदला कमी वाटतो, तर सुरुवात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून होते.

दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात यात आणखी एक अडचण आहे. वस्ती सलग दिसत असली तरी राज्ये वेगळी आहेत. दिल्लीतल्या जमिनीसाठी दिल्ली उच्च न्यायालय आहे. गुरुग्राम आणि फरिदाबादच्या माणसाला चंदीगडला जावे लागते. नोएडा, ग्रेटर नोएडाच्या शेतकऱ्याचे उच्च न्यायालय प्रयागराजला, म्हणजे सहाशे किलोमीटरहून दूर आहे. दिल्लीचे न्यायालय घरापासून तासाभरावर असले तरी त्याचा उपयोग नाही. जमीन ज्या राज्यात, त्या राज्याचेच उच्च न्यायालय.

एवढे लांब जाऊन काही पदरात पडते का? ग्रेटर नोएडाजवळच्या शाहबेरी गावात सुमारे १५६ हेक्टर जमीन तातडीचे कलम लावून, शेतकऱ्यांच्या हरकती न ऐकता घेण्यात आली. कारण सांगितले औद्योगिक विकासाचे. जमीन दिली गेली बिल्डरांना. अलाहाबाद उच्च न्यायालयाने हे संपादन रद्द केले आणि ६ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने इतर गावांच्या याचिकांवर निकाल दिला. तीन गावांतील संपादन रद्द झाले. बाकी ठिकाणी बांधकामे उभी राहिली होती, म्हणून जमीन परत न देता ६४.७० टक्के जादा मोबदला आणि विकसित जमिनीतला १० टक्के हिस्सा देण्याचा आदेश झाला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला.

उशीर केला तर काय होते, हे दिल्लीतच दिसले. १३ नोव्हेंबर १९५९ रोजी राजधानीच्या नियोजित विकासासाठी ३४,०७० एकर जमिनीची अधिसूचना निघाली. काही जमीनमालक १९७२ साली न्यायालयात गेले. इतकी वर्षे गप्प का बसलात, असे विचारत सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली त्यांच्या याचिका फेटाळल्या.

मोबदल्याचा मार्ग वेगळा आहे. निवाडा जाहीर होताना तुम्ही किंवा तुमचा प्रतिनिधी हजर असेल, तर सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा लागतो. हजर नसाल, तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. पुरेसे कारण दाखवले तर जिल्हाधिकारी आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेऊ शकतात, पण त्यावर विसंबू नये. जुन्या, १८९४च्या कायद्याखाली झालेल्या निवाड्याचे प्रकरण जिल्हा न्यायालयाकडे जाते. नव्या कायद्याखालचे प्रकरण खास प्राधिकरणाकडे. दोन्ही निकालांवर उच्च न्यायालयात अपील करता येते. राष्ट्रीय महामार्गासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा वाद मात्र केंद्र सरकारने नेमलेल्या लवादापुढे चालतो.

पैसे घेताना एक चूक हमखास होते. काहीही न लिहिता रक्कम उचलली, तर ती मान्य केली असे धरले जाते आणि वाढीव मोबदला मागण्याचा हक्क जातो. पावतीवर ‘हरकत राखून स्वीकारली’ असे लिहूनच सही करावी. शेजाऱ्याने लढून जास्त दर मिळवला असेल, तर त्याच अधिसूचनेतील इतरांनाही त्या निकालापासून तीन महिन्यांत तोच दर मागता येतो.

मोबदल्याच्या वाटणीवरून घरात वाद असेल, तर तोही याच प्राधिकरणाकडे पाठवता येतो. कागदावर एकट्या थोरल्या भावाचे नाव आहे म्हणून विधवा वहिनीने किंवा बहिणीने गप्प बसू नये. कायदेशीर हक्क असेल, तर रक्कम वाटली जाण्यापूर्वीच जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत नोंदवावी आणि तिची पोच घ्यावी.

नोटीस हाती पडली की त्या दिवसाची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी आणि पाकीट फेकू नये. पुढे मुदतीचा प्रश्न निघाला, तर पाकिटावरचा टपालाचा शिक्काच पुरावा म्हणून उपयोगी पडतो.