‘माता आली’ म्हणून वेळ दवडू नका

१९५६ साली आपण २२ प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारे काढले. तरी अंगावर कांजिण्या उठल्या की आपल्याच वस्तीत आजही ‘माता आली’ म्हणतात आणि दवाखाना टाळतात. याची किंमत नवजात बाळाला मोजावी लागू शकते.

कांजिण्या हर्पिस कुळातल्या विषाणूमुळे होतात. एकदा होऊन गेल्या की रक्तात प्रतिपिंडे राहतात. ती विषाणूला चिकटून त्याला पेशीत शिरू देत नाहीत. आईची ही प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. पण बाळंतपणाआधीच्या ५ दिवसांत किंवा नंतरच्या २ दिवसांत आईला कांजिण्या झाल्या, तर ती तयार होऊन बाळापर्यंत पोहोचत नाहीत. अशा बाळाच्या जिवाला धोका असतो. त्याला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन ताबडतोब द्यावे लागते.

पूर्वी कांजिण्या न झालेली, लस न घेतलेली गरोदर बाई रुग्णाच्या संपर्कात आली, तर तिनेही पुरळ उठण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

तथागतांनी पारखून घ्यायला शिकवले. आमचे म्हणणे एवढेच : उशाला कडुलिंब ठेवून हे मोलाचे दिवस घालवू नका. जय भीम!