साथीदार चौकटीत यावा म्हणून

तबल्याचे बोल आणि गाण्याचे पलटे शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने कॅमेऱ्याच्या भिंगावर मत द्यावे, हा आगाऊपणा आहे हे आधीच कबूल करतो. पण गेल्या काही महिन्यांत आमच्या बडोद्यातल्या घरगुती बैठकांतून तिघाचौघांनी मला एकच प्रश्न केला : "मास्तर, तुमच्या त्या साध्या कॅमेऱ्यात सगळी बैठक मावते कशी? आम्ही कोणती लेन्स घ्यावी?" विचारणारे कोणी धंदेवाईक छायाचित्रकार नव्हेत. कुणाकडे मुलाने दिलेला, कुणाकडे लग्नकार्यासाठी घेतलेला क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आहे, आणि दिवाणखान्यातल्या गाण्याचा एखादा चांगला फोटो निघावा एवढीच त्यांची माफक इच्छा आहे. त्यांना दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे होता आले असते. ते येथे जरा विस्ताराने देतो, कारण हे उत्तर भिंगापाशी सुरू होत असले तरी भिंगापाशी संपत नाही.

आमच्या घरी एक जुना फोटो आहे. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, वयाच्या सतराव्या वर्षी, १९४६ साली, बडोदे संस्थानच्या कलावंत कारखान्यात तबल्याच्या साथीसाठी लागले. ती नोकरी जेमतेम तीन वर्षे टिकली. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढे जन्मभर अण्णांनी घरोघर शिकवण्या केल्या. मी त्यांच्या पन्नाशीनंतरचे अपत्य. दरबार मी पाहिला तो त्यांच्या बोलण्यातून आणि त्या एका फोटोतून. फोटोच्या मधोमध गवई बसले आहेत, पगडी नीट, अंगरखा नीट. मागे दोन तंबोरे आहेत. उजव्या कडेला सारंगीची नुसती मान दिसते. डाव्या कडेला एक डग्गा आहे आणि त्यावर टेकलेला डावा पंजा. मनगटापाशी फोटो संपतो.

तो पंजा अण्णांचा. त्यांच्या दरबारी नोकरीचा एवढाच पुरावा आमच्यापाशी आहे. लहानपणी मी आईला विचारी, "अण्णा कुठे आहेत यात?" आणि आई बोट ठेवून दाखवी, "हा काय हात." अण्णांनी मात्र त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. "फोटो गवयाचा होता रे," एवढेच ते म्हणत.

त्या छायाचित्रकाराला मी दोष देत नाही. त्याच्या काळीही रुंद दृष्टीची भिंगे होती. जर्मनीच्या गोअर्झ कंपनीचे 'हायपरगॉन' हे भिंग १९०० सालचे. त्याची दृष्टी जवळजवळ १४० अंशांची होती, पण ते इतके अंधुक की चांगला फोटो घ्यायचा तर छिद्र एफ २२ पर्यंत बारीक करावे लागे. इमारतीला हे चालते, कारण इमारत हलत नाही. गवई मात्र हलतो, आणि तबलजी त्याहून अधिक. तेव्हा माणसांसाठी साधे भिंग घ्यावे आणि जेवढे मावेल तेवढे घ्यावे, हाच रिवाज. मावले नाही ते कडेचे, आणि कडेला नेहमी साथीदारच असतात!

आता आपल्या हातातल्या कॅमेऱ्याकडे येऊ. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मि.मी. होती. आपल्या कॅमेऱ्यातला क्रॉप सेन्सर त्याहून लहान असतो. कॅननमध्ये सुमारे २२.३ बाय १४.९, निकॉन, सोनी, फुजीफिल्ममध्ये सुमारे २३.५ बाय १५.६ मि.मी. म्हणजे तेच भिंग लावले तरी कडेकडेचा भाग आपोआप कापला जातो. कॅननमध्ये हा फरक १.६ पट धरतात, इतरांत १.५ पट. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला ही सोय वाटते, कारण लांबचा पक्षी मोठा दिसतो. बैठकीत बसणाऱ्याला हीच अडचण.

अडचण किती, याचा हिशेब कागदावर करता येतो. आपल्याकडच्या दिवाणखान्यात गवयासमोर जास्तीत जास्त आठ फुटांवर जागा मिळते. मागे भिंत, नाही तर यजमानांचे व्याही. आठ फुटांवरून कॅननच्या क्रॉप सेन्सरवर ५० मि.मी.च्या भिंगात साडेतीन फूट रुंदी मावते : एक गवई, तोही मांड्या आवरून बसलेला. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ च्या झूममध्ये १८ मि.मी.ला सुमारे दहा फूट मावतात : गवई आले, तंबोरे आले, पण तबलजी नि पेटीवाले कडेला चिकटतात. १० मि.मी.ला मात्र जवळजवळ अठरा फूट रुंदी येते. साऱ्यांना घेऊन वर समेला मान हलवणारे दोन श्रोतेही येतात. १८ आणि १० यांत आठाचाच फरक, पण त्या आठ मि.मी.त दोन माणसे आत येतात की बाहेर राहतात हे ठरते.

एवढे कळल्यावर मी दुकानात गेलो. माझा कॅमेरा आरशाचा, जुना, शिष्याकडून विकत घेतलेला. दुकानदाराने टोकिनाची ११-१६ मि.मी., एफ २.८ ही लेन्स पुढे ठेवली. उत्तम वस्तू, यात शंका नाही. वजन साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास, पुढची काच डोळ्यात भरेल अशी. मी दुसरी मागितली : कॅननची १०-१८ मि.मी., एफ ४.५-५.६, २०१४ साली निघालेली, वजन अवघे २४० ग्रॅम. दुकानदार म्हणाला, "मास्तर, थोडो खर्च वधारे करो." त्याचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. एफ २.८ चे छिद्र एफ ४.५ च्या मानाने अडीच पटींहून अधिक प्रकाश घेते. तरीही मी ती हलकी लेन्सच घेतली, आणि तीही वापरलेली. का ते सांगतो.

पहिले कारण प्रकाशाचे. घरातल्या दिव्यांत मी एफ ४.५, आयएसओ ३२०० आणि एक साठांश सेकंद यावर फोटो काढतो. त्यात थोडे दाणे दिसतात. छापील पोस्टकार्डाएवढ्या फोटोत ते कुणाच्या लक्षात येत नाहीत. हाताचा कंप सावरण्याची सोय या लहान लेन्समध्ये आहे. मात्र एक फसगत टाळावी : ती सोय आपल्या हाताचा कंप सावरते, तबलजीच्या हाताची गती नव्हे. द्रुत लयीत बोटे फोटोत पुसट येणारच. ज्यांना अंधाऱ्या रंगमंचावर थिजलेली बोटे हवी आहेत त्यांनी एफ २.८ घ्यावी. मला विलंबितातल्या समेपाशी एक फोटो पुरतो. तिथे सारेच क्षणभर थांबलेले असतात.

दुसरे कारण झूमचे. एकाच मापाचे भिंग घेऊन पायांनी पुढेमागे व्हावे, असे जाणते सांगतात. रस्त्यावर ते खरे आहे. बैठकीत ख्याल चालू असताना जो माणूस पायांनी पुढेमागे होतो, त्याला पुन्हा कोणी बोलावत नाही. बसल्या जागी १० वरून १४, १४ वरून १८ करता येणे ही तिथे चैन नसून शिष्टाचार आहे.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत मोठे कारण लहानपणाचे. माझी लेन्स झोळीत हातोडीशेजारी मावते आणि मांडीवर ठेवली तर शेजाऱ्याला कळत नाही. मोठे भिंग रोखले की गाणारा सावध होतो, डोळे मिटून गाणारा डोळे उघडतो. जागा घेताना ज्याच्या मनात काच आली त्याची जागा गेली. म्हणून आरशाचा कॅमेरा असेल त्याने आणखी एक पथ्य पाळावे : आलापात बटण दाबू नये. आरसा पडल्याचा तो 'खटक' षड्जावर बसतो आणि पुढच्या रांगेतले चार डोके वळतात.

आता नव्याने कॅमेरा घेणाऱ्यांची स्थिती माझ्याहून बरी आहे. आरशाला जागा सोडायची म्हणून रुंद भिंगे सेन्सरपासून दूर ठेवावी लागत. त्यासाठी उलट्या दुर्बिणीसारखी रचना करावी लागे. फ्रान्सच्या आंजेन्यू यांनी १९५० साली ती छायाचित्रणात आणली आणि तिच्यामुळे भिंगे फुगली. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात ती अडचण बरीच कमी झाली. सिग्माने २०२३ साली काढलेली १०-१८ मि.मी.ची लेन्स पूर्ण एफ २.८ असून अडीचशे ग्रॅमच्या आसपास आहे. त्याच वर्षीची कॅननची बिनआरशाची १०-१८ तर केवळ दीडशे ग्रॅमची. शिवाय या कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांत आवाज न करता फोटो घेता येतो. पैसे असतील तर हाच मार्ग धरावा. मात्र विजेच्या काही दिव्यांखाली असा मुका फोटो घेतला की आडवे पट्टे उमटतात. आधी घरच्या दिव्याखाली एकदा पाहून घ्यावे.

लहान लेन्सची इतकी तरफदारी केली, आता तिचे दोषही सांगतो, नाही तर मत एकांगी होईल. रुंद भिंगात कडेचा माणूस ताणला जातो. १० मि.मी.ला अगदी कोपऱ्यात बसवलेला तबलजी फोटोत दीडपट लठ्ठ दिसतो आणि त्याचा डग्गा अंडाकृती होतो. माझ्या पहिल्याच फोटोत एका सडपातळ पेटीवादकाची अशी गत झाली. त्यांनी फोटो पाहून फक्त "प्रकृती सुधारली म्हणायची" एवढेच उद्गार काढले. दुसरे असे की फार जवळ गेले तर पुढे आलेला हात डोक्याएवढा होतो. आणि कॅमेरा जरा वर-खाली कलला की खांब नि दारे एकमेकांकडे झुकतात. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यासारख्या जुन्या वास्तूच्या चित्रभिंती घेताना हे फार जाणवते. उपाय सोपे आहेत. कॅमेरा बैठकीच्या उंचीवर, छातीपाशी आणि सरळ धरावा. आठ फुटांवरून १३-१४ मि.मी. ठेवले तर साडेबारा-साडेतेरा फूट रुंदी येते, ती चार साथीदारांना पुष्कळ झाली. माणसे कडेपासून हातभर आत ठेवावीत. १० मि.मी. हे श्रोत्यांसह सारे दालन घ्यायचे तेव्हासाठीच राखावे.

म्हणजे रुंद भिंग घेतले की साथीदाराला न्याय मिळाला, असे होत नाही. त्याला कोपऱ्यात चेपून विद्रूप करणे हाही अन्यायच. तो चौकटीत यावा, आणि जसा आहे तसा यावा.

हे सांगण्याचे कारण सध्याची फोटोंची रुची. हल्ली गाण्याचा 'चांगला' फोटो म्हणजे लांबच्या भिंगातून घेतलेला एकट्या गायकाचा चेहरा, मागे सारे धूसर. दिसायला तो सुंदर असतो, मी नाकारीत नाही. पण आपले गाणे तसे होत असते काय? गवयाने तान टाकावी, पेटीने ती झेलावी, तबलजीने समेचा दरवाजा उघडून ठेवावा, मागच्या तंबोऱ्यावरच्या मुलीने डोळ्यांनी दाद द्यावी, असे ते होते. धूसर करून टाकलेल्या त्या पार्श्वभूमीतच अर्धे गाणे असते. काही वर्षांपूर्वी एका समारंभाच्या स्मरणिकेत मी साथ केलेल्या मैफलीचा पानभर फोटो आला. त्यात गायिका होत्या, फुले होती, समई होती. आम्ही तिघे नव्हतो, आणि खाली नावेही नव्हती. मला राग आला नाही. फक्त घरच्या फोटोतला तो पंजा आठवला.

आपले शहर गाण्याचे मोठे अभिमानी. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी येथे गायनशाळा काढली, हे आपण सांगतो. फैयाजखाँसाहेब येथेच राहिले आणि १९५० साली येथेच गेले, हेही सांगतो. ते सांगताना ऊर भरून येतो, आणि यावाच. पण त्यांच्या मागेपुढे साथीला कोण कोण बसत, हे आपल्यातले दहांपैकी किती जण सांगतील? स्मृती ही पुष्कळदा फोटोच्या चौकटीएवढीच उरते. म्हणून चौकट किती रुंद ठेवायची, हा केवळ शोकाचा प्रश्न नाही.

तेव्हा विचारणाऱ्यांना माझे उत्तर हे : क्रॉप सेन्सर असेल तर १० किंवा ११ मि.मी.पासून सुरू होणारी, झोळीत मावणारी, अडीचशे-तीनशे ग्रॅमची झूम घ्या. वापरलेली मिळाली तर तीही चालेल. काच नि कडी तेवढी तपासून घ्या. एफचा आकडा मोठा असला म्हणून खंत करू नका.

गेल्या महिन्यात आमच्या एका शिष्याच्या घरी बैठक झाली. तबल्याला सोळा वर्षांचा एक मुलगा होता, पहिल्यांदाच मोठ्या गायकाबरोबर बसलेला. मी १४ मि.मी.वर एक फोटो घेतला. मुलगा त्यात पुरा आहे, डग्ग्यापासून कपाळावरच्या घामापर्यंत. प्रत काढून त्याच्या आईकडे पाठवली आणि पाठीमागे पाचही जणांची नावे शाईने लिहिली. त्याच दिवशी घरचा जुना फोटो काढला. त्याच्या पाठीवर फक्त गवयांचे नाव होते. त्याखाली अण्णांचे नाव लिहिले. सारंगियांचे नाव अण्णांना ठाऊक असणार, पण ते मी त्यांना कधी विचारले नाही. ती ओळ कोरी आहे.